दर पाचव्या दिवशी बसणारी बॅटरी: मामांच्या पद्मिनीचं चार्जिंग प्रकरण

मामांच्या पद्मिनीला दोन वर्षांच्या आत तिसरी बॅटरी बसली आणि तीही डिसेंबर २०२३ मधल्या एका सकाळी, गाडी जेमतेम पाच दिवस उभी असताना, चावी फिरवल्यावर नुसतं टक् करून गप्प झाली. त्या दिवशी मामींनी जेवताना गाडी विकायचा विषय काढला. मामा काही बोलले नाहीत, हात धुतले आणि मला फोन केला, "अरे, तू येऊन एकदा बघ, आता मला कुणाला दाखवायची नाहीये." मी शनिवारी सकाळी सहकारनगरला गेलो आणि पुढचे तीन आठवडे शनिवार-रविवार तिथेच होतो. जे सापडलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण डायनामो काढून अल्टरनेटर टाकलेल्या (दोन्ही इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारी यंत्रं, डायनामो जुन्या पद्धतीचं) जुन्या फियाट, पद्मिनी, अँबॅसडर पुण्यात अजून फिरतात आणि हाच घोळ त्यांच्यातही असू शकतो.

गाडी १९७८ ची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली, फियाट ११०० वर बेतलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. मामांनी नवी घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या नावावर गेली नाही. मामा आता ७६ वर्षांचे आहेत, त्यांचं ड्रायव्हिंग म्हणजे सहकारनगर ते मंडई, कधी टिळक रोड, कधी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत, चार-पाच किलोमीटरच्या वर क्वचित. आणि गाडी अगदी हळू, इंजिनला जराही त्रास न देता, टॉप गिअर लवकर टाकून चालवतात. हे मुद्दाम सांगतोय, पुढे याचा संबंध येतो.

आधी काय काय झालं होतं ते बघा. बॅटरी तीन वेळा बदलली. अल्टरनेटर दोनदा खोलला, एकदा कार्बन बदलले आणि एकदा आतला, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. बेल्ट नवा. सेल्फ एकदा रिपेअर. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरं चालायचं, कारण बॅटरी चार्ज करून दिलेली असायची, आणि मग परत तेच. यातला एकही भाग खरा दोषी नव्हता हे आज कळतंय, पण त्या माणसांना नावं ठेवायची नाहीयेत मला, कारण गाडी गॅरेजमध्ये आली की ती चालूच असायची, ॲक्सिलरेटर देऊन मीटर लावला की चार्जिंगही दिसायचं. रोग दिसायचा तो मामांच्या पार्किंगमध्ये.

माझ्याकडे हत्यारं साधीच होती. तपकीर गल्लीतून घेतलेला डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्टिंग लॅम्प, सँडपेपर, पान्यांचा सेट, आणि सोलरची कामं करणाऱ्या मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेला डीसी क्लॅम्पमीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्यातला करंट मोजणारा मीटर. पण सगळ्यात उपयोगी पडली ती मामांची डायरी. पेट्रोल किती टाकलं, किती किलोमीटर झाले, कुणी काय काम केलं, सगळं तारखेसकट त्यात असतं. मी मीटर काढायच्या आधी ती डायरी घेऊन तासभर बसलो. तीन नोंदी वेगळ्या काढल्या. मार्च २०२२, डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. ऑगस्ट २०२२, डॅशबोर्ड खोलला, सगळे बल्ब बदलून एलईडी टाकले. जानेवारी २०२३, गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली. बॅटरीची पहिली तक्रार नोव्हेंबर २०२२ ची, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन बारीक नोंदी: "सेल्फ जड फिरतो" आणि त्याच पानावर खाली "चोक ओढायला जड, वास येतो". अजून एक नोंद होती, सासवडला लग्नाला जाऊन आले त्याची, "नंतर सहा दिवस गाडी छान". मामांना या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या वाटल्या नव्हत्या आणि मलाही त्या सकाळी फक्त शंका आली.

पहिला दिवस मी फक्त बॅटरीला दिला. बरेच जण इथेच घाई करतात. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीही टेस्ट खोटं बोलते. बंद गाडीत, विश्रांतीत असलेल्या बॅटरीवर १२.१ व्होल्ट होते, म्हणजे अर्ध्याहून कमी चार्ज. पूर्ण भरलेली १२.६-१२.७ दाखवते. तार काढली, चार्जरवर रात्रभर लावली, सकाळी चार्जर काढून दोन तास तशीच ठेवली, मग मोजली तर १२.७. झाकणं उघडून हायड्रोमीटरने सहाही घरांचं ॲसिड बघितलं, सगळीकडे १.२५० च्या वर आणि एकमेकांच्या अगदी जवळ. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याने लोड टेस्टरही लावून दिला. बॅटरी ठणठणीत. मामा म्हणाले, "म्हणजे आधीच्या दोन पण चांगल्याच होत्या का रे?" बहुतेक हो. पण बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती खरंच मरते, त्यामुळे त्या दोन चांगल्या आल्या आणि या गाडीत मेल्या असंच म्हणावं लागेल.

रविवारी गाडी चालू केली. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर, क्लिपवर नाही. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, १२.४, आणि बघता बघता १२.३. चार्जिंग शून्य. मग हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवला, काही नाही, अजून वाढवला, इंजिन चांगलं गुरगुरायला लागल्यावर अचानक आकडा उडी मारून १३ च्या वर गेला. पाय सोडला, आयडलला आणलं, तरी १३ च्या वरच टिकला. गाडी बंद करून परत चालू केली, परत १२.४. हे तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा सारखंच.

म्हणजे अल्टरनेटर चांगला होता, पण झोपलेला होता. जोरात हलवल्याशिवाय उठत नव्हता, आणि मामा तर गाडीला कधी जोरात हलवतच नाहीत. मंडईला जाऊन येईपर्यंत तो उठतच नव्हता. सासवडला जाताना दिवे घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिन फिरलं, तेव्हा उठला आणि येईपर्यंत जागा राहिला. डायरीतली ती नोंद तिथे जुळली.

आता हे का, ते समजून घ्यायला डायनामो आणि अल्टरनेटरमधला एक फरक माहीत हवा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ हा फरकच आहे. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम शिल्लक राहतं, तो फिरायला लागला की त्या शिल्लकीवर स्वतःच जागा होतो, त्याला बाहेरून काही लागत नाही. त्यामुळे डायनामोच्या गाडीत डॅशबोर्डवरचा लाल दिवा फक्त निरोप देतो, चार्ज होतंय की नाही एवढंच सांगतो, बल्ब उडाला तरी चार्जिंग चालूच राहतं. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात, ही शिल्लक फार थोडी असते. त्याला सुरुवातीला बाहेरून बारीक करंट द्यावा लागतो, आणि साध्या अल्टरनेटरमध्ये तो करंट येतो त्याच लाल दिव्यातून. चावी ऑन केली की करंट दिव्यातून रोटरमध्ये जातो, म्हणून दिवा लागतो, रोटर चुंबक बनतो, इंजिन फिरलं की लगेच चार्जिंग सुरू होतं आणि दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज आल्यामुळे तो विझतो. म्हणजे अल्टरनेटरच्या गाडीत दिवा काम करतो. आयुष्यभर डायनामो दुरुस्त केलेल्या माणसाला हा दिवा शोभेचाच वाटतो, आणि या गाडीत तेच झालं.

मी मामांना विचारलं, चावी ऑन केल्यावर लाल दिवा लागतो का? म्हणाले, "नाही लागत. पण तो लागला तर वाईट ना? बंद आहे म्हणजे चार्जिंग चालू आहे." चाळीस-पंचेचाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस असं म्हणतो तेव्हा तो चुकत नसतो, त्याला इंजिन चालू असतानाचं खरं माहीत असतं. पण इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा तो दिवा लागलाच पाहिजे, नाही लागला तर तिथेच थांबायचं.

डॅशबोर्डमागून होल्डर ओढून काढला. ऑगस्ट २०२२ मध्ये टाकलेला एलईडी. एलईडीमधून करंट एकाच दिशेने जातो, आणि हा होल्डरच्या वायरींच्या हिशोबाने उलटा होता, म्हणून लागत नव्हता आणि रोटरला एक थेंब करंट मिळत नव्हता. होल्डरच्या दोन वायर अदलाबदल केल्या, चावी ऑन केली, लाल दिवा लागला, मामा खूश झाले. पण गाडी चालू केली तर आयडलला परत १२.४. कारण एलईडी करंट फारच कमी घेतो, वीसेक मिलीअँपिअरच्या आसपास, तेवढ्यावर हा रोटर जागा होत नाही. जुना साधा तारेचा बल्ब, २.२ वॅटचा, १२ व्होल्टवर साधारण १८० मिलीअँपिअर सोडतो. तो नाना पेठेत मिळाला. तो लावला, चावी ऑन केली आणि अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक नेलं तर ते लोखंडाकडे खेचलं गेलं. एलईडी असताना ही ओढ जाणवत नव्हती. मामांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला, त्यांनी स्वतः तीन-चार वेळा चावी ऑन-ऑफ करून बघितलं. ही टेस्ट कुणालाही करता येते, इंजिन बंद पाहिजे एवढंच. मग चालू केली, आयडललाच चार्जिंग, दिवा विझला.

इथे थांबलो असतो तर गाडी बरीच सुधारली असती, पण बॅटरीवरचा आकडा मला आवडत नव्हता. हेडलाईट लावून, इंजिन जरा चढवून, बॅटरीवर १३.०५. इतका कमी आकडा बॅटरी पूर्ण भरायला पुरत नाही, १३.८ ते १४.४ च्या मधे हवा. इथे बहुतेक वेळा परत अल्टरनेटर खोलला जातो. मी आधी अल्टरनेटरच्या स्वतःच्या खुंटावर आणि त्याच्याच बॉडीवर पिना ठेवल्या: १४.२. म्हणजे अल्टरनेटर त्याचं काम चोख करत होता, सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेत हरवत होता.

वाटेत किती आणि कुठे हरवतंय ते मोजायची पद्धत सोपी आहे आणि माझ्या मते जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये याच्याएवढी कामाची दुसरी पद्धत नाही. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक पिन वायरीच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि वायरीतून भरपूर करंट जात असताना बघायचं. चांगली वायर असेल तर आकडा जवळजवळ शून्य. ओहमवर ठेवून गाडी बंद असताना मोजलं तर काही कळत नाही, दहा तारांमधल्या नऊ तुटलेल्या असतील तरी उरलेली एक मीटरला "सगळं ठीक" म्हणते. भार टाकला की खरं बाहेर येतं.

अल्टरनेटरच्या खुंटापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.९ व्होल्ट. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२५. बेरीज १.१५, आणि १४.२ मधून तेवढे गेले की १३.०५, बरोबर जुळतंय. क्लॅम्पमीटरवर त्या वेळी १८ अँपिअर होते.

आधी प्लसची बाजू. वायर अल्टरनेटरकडून मडगार्डच्या आतल्या भिंतीवरच्या जुन्या कटआउटच्या डबीपर्यंत जात होती आणि तिथून पुढे बॅटरीकडे. तुकडे करून मोजलं: अल्टरनेटर ते डबी ०.१५, डबीच्या आत एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत ०.६, डबी ते बॅटरी ०.१५. डबीचं झाकण उघडलं. डायनामोच्या गाडीत ही डबी तीन कामं करायची: व्होल्टेज आवरायचं, करंट आवरायचा, आणि डायनामो मंद फिरत असताना बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात जाऊ नये म्हणून सर्किट तोडायचं. अल्टरनेटरला यातलं काहीच लागत नाही, व्होल्टेज त्याच्या आतला रेग्युलेटर सांभाळतो आणि उलटा करंट त्याचे डायोड अडवतात. पण बसवणाऱ्याने डबी काढली नव्हती, डायनामोच्या वायरीचा स्क्रू आणि बॅटरीच्या वायरीचा स्क्रू यांच्यामध्ये एक बारीक वायरीचा तुकडा पिळून टाकला होता. स्क्रू गंजलेले, तुकड्याची प्लास्टिक स्लीव तपकिरी झालेली, खालचं बेकेलाईटही काळवंडलेलं. १८ अँपिअर गुणिले ०.६ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ११ वॅट त्या एका जोडावर तापत होते. रात्रीच्या पावसात, वायपर आणि दिवे सगळं चालू असताना किती तापत असेल, आणि बाजूलाच कापडाच्या वेटोळ्यातलं जुनं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा. हे बघून मला खरंच भीती वाटली, कारण या वाटेवर कुठेच फ्यूज नव्हता.

मग मायनसची बाजू. चोकचं रहस्य मला इथेच कळलं, सेल्फ मारताना. इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, मीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकवर साफ केलेल्या जागी आणि दुसरी बॅटरीच्या मायनस खुंटावर, आणि मामांना म्हटलं, मारा सेल्फ. १.९ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. त्या वेळी क्लॅम्पमध्ये १४० अँपिअरच्या आसपास दिसत होते. एवढा करंट इंजिनपासून बॅटरीकडे परत जायला नीट वाट नव्हती. बॅटरीचा मायनस बॉडीला लागतो, ती तार चांगली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, रबरातून करंट जात नाही, म्हणून त्यांना बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. गाडी जॅक आणि स्टँडवर घेऊन खाली गेलो. पट्टी होती, पण गिअरबॉक्सच्या टोकाला थिंबलमध्ये (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोकात) तिचे तारांचे मोजकेच धागे शिल्लक होते, बाकी हिरवी भुकटी, आणि बॉडीच्या टोकाला वॉशरच्या खाली काळ्या अंडरकोटिंगचा थर. गिअरबॉक्स जानेवारीत उतरवला तेव्हा ती ओढली गेली असणार आणि वर कोटिंगही मारलं गेलं.

मग उरलेला करंट परत कुठून जायचा? चोकच्या केबलमधून, आणि स्पीडोमीटरच्याही. इंजिन आणि डॅशबोर्ड यांना जोडणारी जी लोखंडी गोष्ट दिसेल तिथून. मी सलग काही सेकंद सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लावला, गरम. म्हणून मामांना वास यायचा, म्हणून चोक जड झाला होता, आतली तार तापून बाहेरच्या आवरणाला चिकटत होती. मामांनी त्या चोकमध्ये तीन वेळा तेल घातलं होतं. सेल्फही त्यामुळेच रिपेअर केला होता. दोन्ही तक्रारी एकाच पानावर लिहिलेल्या होत्या आणि त्यांचं कारणही एकच निघालं.

आता उरला शेवटचा प्रश्न. चार्जिंग कमी होतं हे ठीक, पण भरलेली बॅटरी नुसती उभी राहून पाच दिवसांत का उतरते? चार्जरवरून काढलेल्या बॅटरीबरोबरही हे व्हायचं, म्हणजे कुणीतरी रात्रंदिवस करंट पीत होतं. बॅटरीची मायनस तार काढून मध्ये मीटर लावला, १० अँपिअरच्या खाचेत, सगळे दरवाजे बंद, डिकी बंद. ०.२७ अँपिअर. कमी वाटतो आकडा, पण २४ तासांत साडेसहा अँपिअर-तास, चार दिवसांत २६, आणि बॅटरी ४५ ची. आधीच अर्धवट भरलेली असेल तर चार दिवसही खूप झाले. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो.

फ्यूज एकेक काढले. स्टीरिओच्या फ्यूजला आकडा ०.२५ झाला, बाकीच्या कशालाही हलला नाही. म्हणजे चोर फ्यूज नसलेल्या सर्किटमध्ये. पहिला संशय अल्टरनेटरच्या डायोडवर, लीक डायोड असाच करंट खातो. अल्टरनेटरची जाड वायर सोडवली, टोक कापडात गुंडाळलं. फरक नाही. मला वाटलं होतं इथेच सुटेल, पण नाही सुटलं, तेवढ्यात जेवायला हाक आली. जेवून आल्यावर मी सवयीने डबीवर हात टेकवला आणि ती कोमट लागली. गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद, डिसेंबरातली थंडी, आजूबाजूचा सगळा पत्रा गार आणि ही एकटी कोमट.

मग उलगडलं. डायनामोच्या गाडीत डबीतल्या बारीक तारेच्या कॉइल डायनामोच्या बाजूच्या स्क्रूवर असतात, आणि गाडी बंद असताना तो स्क्रू बॅटरीपासून तुटलेला असतो, कारण कटआउटचे पॉइंट उघडलेले असतात. तो बारीक वायरीचा तुकडा टाकून दोन्ही स्क्रू कायमचे जोडले, तेव्हा त्या कॉइल कायमच्या बॅटरीवर लागल्या. मार्च २०२२ पासून, रात्रंदिवस, गाडी चालू असो की बंद. तो तुकडा सोडवला, मीटरवर शून्य. स्टीरिओचा फ्यूज लावला, ०.०२. डबीने एका बाजूने चार्जिंग अडवलं होतं आणि दुसऱ्या बाजूने बॅटरी उतरवली होती.

मार्च २०२२ मध्ये हे सगळं लगेच का दिसलं नाही याचं उत्तरही डायरीत आहे. तेव्हा साधा बल्ब होता, अल्टरनेटर दर वेळी उठायचा, आणि मामा रोज सकाळी गाडी काढायचे, डबी जेवढं प्यायची त्यातलं बरंचसं भरून निघायचं. ऑगस्टमध्ये एलईडी आला आणि भरणं थांबलं. मग गिअरबॉक्स उतरला आणि सेल्फला जो थोडाफार जोर मिळत होता तोही पट्टीत हरवला. तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या हातांनी झालेल्या गोष्टी, आणि बाहेरून तक्रार एकच, बॅटरी बसते.

दुरुस्ती अशी केली. अल्टरनेटर ४५ अँपिअरचा आहे आणि मूळ वायर वीसेक अँपिअरच्या डायनामोसाठी होती, म्हणून ती ठेवली नाही. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर अल्टरनेटरपासून थेट सेल्फच्या बॅटरीवाल्या खुंटावर, मध्ये ५० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या टोकाजवळ, आणि एक्झॉस्टपासून लांबून नेलेली. थिंबल नुसते पक्कडने दाबले नाहीत, नाना पेठेतल्या एका वायरमन चाचांकडून क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घेतले. चाचांनी गाडी न बघताच विचारलं, "कटआउट अजून वर आहे का? त्याची आतली कॉइल कापली का?" त्यांना माहीत होतं. डबीतली यंत्रणा पूर्ण काढून टाकली, पण मामांना बोनेट उघडल्यावर ती जागा रिकामी नको होती, म्हणून रिकामी डबी आणि झाकण तिथेच परत बसवलं. बाकीच्या लूमची जी वायर आधी डबीवरून बॅटरीची वीज घ्यायची ती एका वेगळ्या स्टडवर घेतली. गिअरबॉक्सला नवी विणलेली पट्टी, दोन्ही टोकांना पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, दातेरी वॉशर टाकून, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. शिवाय इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला एक जाड तार थेट. चोकची केबल नवी. डॅशबोर्डवर बाकी एलईडी राहू दिले, चार्जिंगच्या होल्डरमध्ये फक्त २.२ वॅटचा तारेचा बल्ब.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या गाडीवर आधी एकाने चालू इंजिनमध्ये बॅटरीची तार काढून बघितली होती, "गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग आहे" म्हणून. डायनामोच्या काळापासूनची ही सवय आहे. अल्टरनेटरवर हे करू नका, कुणी करत असेल तर हात धरा. बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो, पुढच्या महिन्यात मामांच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बदलावा लागला तो यामुळेच असावा अशी मला दाट शंका आहे. पाचशे-सातशे रुपयांच्या मीटरने तीच गोष्ट धोका न घेता कळते.

नंतरचे आकडे. हेडलाईट लावून, तेवढ्याच ॲक्सिलरेटरवर, अल्टरनेटरवर १४.२, प्लसच्या वाटेत ०.१२, मायनसच्या वाटेत ०.०४, बॅटरीवर १४.०. सेल्फ मारताना ब्लॉक ते मायनस ०.१५. चोकची केबल गार. उभ्या गाडीत ०.०२ अँपिअर. रात्री हेडलाईट, वायपर, सगळं लावून मामांना घेऊन दिवे घाटातून सासवडला जाऊन आलो, येताना वाटेत थांबून नव्या फ्यूजच्या होल्डरला आणि थिंबलला हात लावून बघितला, कुठेच गरम नाही.

मग मामांनी स्वतःहून गाडी आठ दिवस हलवली नाही. नवव्या दिवशी सकाळी मला बोलावून घेतलं, मीटर माझ्या हातात न देता स्वतः लावला, १२.६. चावी ऑन केली, लाल दिवा लागला तो मामी खिडकीतून बघत होत्या त्यांनाही दाखवला, आणि सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात चालू, दिवा विझला. त्या दिवशीची नोंद त्यांनी माझ्यासमोर लिहिली: तारीख, १२.६, १४.०, अर्थची पट्टी नवी, दिव्यात एलईडी घालू नये. मग कागदावर नव्या वायरींचं चित्र माझ्याकडून काढून घेतलं, कुठून कुठे गेली, फ्यूज कुठे, डबी रिकामी आहे हे ठळक, तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कटआउटच्या झाकणाच्या आत चिकटवला, म्हणजे पुढचा जो कुणी झाकण उघडेल त्याला आधी तो दिसेल.